मीच गुण दिलेल्या खोलीत

जळगावातल्या त्या रुग्णालयाला पर्यावरणपूरक इमारतीचा वरचा दर्जा मिळाला. ज्या अहवालावर तो मिळाला, त्याखाली सही माझी आहे. त्यानंतर सव्वा वर्षाने मी त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पाठीवर पडून होते आणि मानेखालचं काहीही मला हलवता येत नव्हतं.

मी वंदना. धुळ्यात राहते. शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग, पण घरं बांधत नाही, दुसऱ्यांनी बांधलेली तपासते. इमारत वीज किती वाचवते, पाणी किती जिरवते, ऊन कसं अडवते हे बघून गुण द्यायचे, हा माझा धंदा. गेली काही वर्षं रुग्णालयं जास्त येतात. आता मी बरी आहे, काठी घेऊन चालते, सही करता येते. ज्यांच्या घरी हा आजार आत्ता मुक्कामाला आलाय त्यांना थोडा धीर यावा म्हणून लिहिते आहे. आणि माझ्यासारखे हातात टॅब घेऊन रुग्णालयांतून मिरवणारे जे कोणी असतील, त्यांनीही वाचावं. त्यांना राग येईल. मलाही आला होता, फक्त तो कोणावर काढावा हे बरेच दिवस कळत नव्हतं.

बिबडे

मे महिन्यात मी अक्काकडे असोद्याला गेले होते. अक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. दरवर्षी तिच्या गच्चीवर आम्ही दोघी ज्वारीचे बिबडे घालतो. ऊन चढायच्या आत थापून मोकळं व्हायचं, मग दिवसभर पापडावाणी वाळायला सोडून द्यायचे.

दोन दिवस तळपायांना मुंग्या येत होत्या. त्याआधी पंधरवड्यापूर्वी पोट चांगलंच बिघडलं होतं, पण ते केव्हाच बरं झालं होतं. मुंग्यांचा दोष मी नव्या चपलांना दिला.

शेवटचा बिबडा थापून झाला. अक्का म्हणाली, "अवं उठ ना, ऊन चढून राह्यलं."

"उठते," म्हटलं मी. आणि उठलेच नाही. हात टेकले, जोर लावला, पाय जागचे हलेनात. मला हसू आलं. अक्काही हसली. म्हणाली, "वय झालं तुझं." मग तिने काखेत हात घालून मला उभं केलं आणि सोडलं, तशी मी ओल्या बिबड्यांवर बसले. त्यानंतर कोणी हसलं नाही.

दाजींनी गाडी काढली. जळगावात शिरताना त्यांनी विचारलं, कुठल्या दवाखान्यात न्यायचं? नाव मीच सांगितलं. "तिथेच न्या," म्हटलं, "ती इमारत मी पास केली आहे." एवढ्या अवस्थेतही ते सांगताना मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

एका श्वासात

डॉक्टर तरुण होते. त्यांनी रबरी हातोडीने माझ्या गुडघ्यावर मारलं. गुडघा गप्प. दुसऱ्यावर मारलं, तोही गप्प. घोट्याला, कोपराला मारलं. एव्हाना संजय, म्हणजे माझा नवरा, धुळ्याहून येऊन पोचला होता. तो कॉलेजात गणित शिकवतो. हातोडी जिथे जिथे पडत होती तिथे तो बघत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

पाठीतलं पाणी काढून झालं, नसांना विजेचे झटके देऊन झाले. संध्याकाळी डॉक्टर खाटेजवळ खुर्ची ओढून बसले. उभ्याउभ्या बोलणारा डॉक्टर बसला की काय समजायचं ते रुग्णाला समजतं.

"ताई, याला जीबीएस म्हणतात. शरीराची जी फौज जंतूंशी लढते, ती चुकून तुमच्याच नसांवर उलटली आहे. पायांतून सुरू होतं, वर चढतं. थांबतं, आणि बहुतेक लोक पुन्हा चालतात. पण कुठे थांबेल ते आज सांगता येत नाही."

"वर म्हणजे कुठपर्यंत?" मी विचारलं.

"श्वासाच्या स्नायूंपर्यंत जाऊ नये, एवढंच आपल्याला बघायचं आहे."

मग त्यांनी मला एक साधी गोष्ट करायला सांगितली. छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो संपेपर्यंत मोठ्याने आकडे मोजायचे. मी एकतीसपर्यंत गेले. डॉक्टर म्हणाले, छान. हे रोज तीन वेळा करू. आकडा दहाच्या खाली आला की घशात नळी घालून यंत्रावर ठेवावं लागेल.

सकाळी मी बिबडे थापत होते. मला ओरडायचं होतं की अहो, काहीतरी घोटाळा झालाय, मला फक्त चपला चावल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा चोवीस होता.

नाशिक

माझ्या देखत संजय आणि अक्का पहिल्यांदा भांडले ते नाशिकवरून. संजयचं म्हणणं, मोठ्या शहरात हलवू. अक्काचं म्हणणं, एवढ्या उन्हात चार-पाच तासांच्या रस्त्यात हिचा दम कोंडला तर?

"तुम्हाला भीती वाटते म्हणून तिला इथेच ठेवायचं का?" संजय म्हणाला. पंचवीस वर्षांत तो अक्काशी या आवाजात बोलला नव्हता.

"मले भीती वाटतेच," अक्का म्हणाली. "तुम्हाले नाही वाटत?"

संजय भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दोघंही माझ्याकडे बघेनात. औषध सुरू झालं होतं, पाच दिवस शिरेतून जायचं होतं, आणि डॉक्टरांच्या मते ते नाशिकलाही हेच देणार होते. शेवटी मीच म्हटलं, इथेच राहते. संजय म्हणाला, का? तर मी त्याला सांगितलं की या इमारतीची हवा, उजेड, सगळं मी स्वतः मोजलेलं आहे. तापलेल्या बसस्टँडसमोरच्या कुठल्यातरी जुन्या दवाखान्यापेक्षा इथे मी सुरक्षित आहे.

त्याने ऐकलं. इमारतींच्या बाबतीत तो माझं नेहमी ऐकतो.

पाठीवरून

तिसऱ्या दिवशी हात गेले. अतिदक्षता विभागाला लागून असलेल्या खोलीत मला ठेवलं होतं. छातीला तारा, बोटाला चिमटा, बाजूला मॉनिटरचा पडदा. पडद्यावरचे आकडे बाहेर नर्सच्या टेबलावरही दिसायचे. उशीजवळ बोलावण्याची घंटा होती. अक्का दर तासाला ते बटण माझ्या बोटाखाली नीट सरकवायची, आणि ते दाबायची ताकद माझ्या बोटात नाही हे आम्ही दोघी एकमेकींना सांगत नव्हतो.

अंग पुसणं, कूस बदलणं, बाकीचं सगळं अक्काच्या हाती. पहिल्या दिवशी मी लाजेने रडले. दुसऱ्या दिवशी तिने दम दिला, "लहानपणी तुले कोन धूत होतं?" त्यानंतर रडणं बंद झालं.

आणि मग मी छत बघायला लागले, कारण दुसरं काही बघताच येत नव्हतं. तपासणीच्या दिवशी मी या खोलीत उभी होते. उभ्या माणसाला खिडकीतून पार मेहरूण तलावाच्या बाजूची झाडं दिसतात. त्या 'बाहेरच्या दृश्या'ला मी गुण दिले होते. खाटेवरून दिसत होती खिडकीची वरची चौकट आणि पांढरट आभाळाची एक फळी. कमी विजेत जास्त उजेड देणारा दिवा बरोब्बर माझ्या डोळ्यांवर होता. त्यालाही मी गुण दिले होते. खिडकी उघडतच नव्हती, गार हवा वाया जाऊ नये म्हणून. त्याचे तर पैकीच्या पैकी.

आमच्या तक्त्यात रुग्णांच्या सोयीचा रकाना आहे. तो मी कसा भरला होता ते आठवायला लागले. व्यवस्थापनाने दिलेल्या कागदावरून भरला होता. त्या दिवशी एकाही रुग्णाशी मी बोलले नव्हते. तपासणीत अडथळा नको म्हणून मीच हा मजला रिकामा करून मागितला होता. हे आठवलं तेव्हा माझे कान गरम झाले. तोंड लपवायला हात वर जाईनात.

ती दुपार

चौथ्या दिवशी सकाळी आकडा चौदा होता. संजय सकाळीच धुळ्याला गेला होता. ऋतुजाची, आमच्या मुलीची, प्रवेश परीक्षा आटपली होती आणि तिला मला बघायचं होतं. दुपारी तीनच्या सुमाराला अक्का तळमजल्यावर औषधाच्या बाटल्या आणायला गेली. "आलीच," म्हणाली. खाली रांग होती हे मला नंतर कळलं.

मी डोळे मिटून पडले होते. खट्कन आवाज झाला. डोळे उघडले तर खोली अंधारलेली. खिडकीचा पडदा ओढलेला होता, त्याच्या कडेने उन्हाची एक रेघ तेवढी दिसत होती. वीज गेली, असं वाटलं. पण माझ्या छातीच्या तारांचा पडदा चालू होता, त्यावरची हिरवी रेघ धावत होती. बाहेरच्या वऱ्हांड्यात दिवे होते. फक्त माझ्या खोलीतला दिवा गेला होता आणि एसीची घरघर थांबली होती.

मग माझ्या लक्षात आलं.

छताच्या कोपऱ्यात वाटीएवढा पांढरा सेन्सर होता. खोलीत हालचाल होते आहे की नाही, हे तो बघत असतो. पंधरा मिनिटं काही हललं नाही, तर खोलीत माणूस नाही असं धरून तो दिवा आणि एसी बंद करतो. रिकाम्या खोल्यांवर वीज उधळायची नाही, किती शहाणपणाची गोष्ट! ती बसवा म्हणून मीच या लोकांच्या मागे लागले होते. कराराच्या बैठकीत मी त्याची बाजू अर्धा तास मांडली होती. आणि आता ती वाटी माझ्याकडे बघत होती आणि तिच्या हिशेबी खाटेवर कोणी नव्हतं.

पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ते मी उभी असताना कधी अनुभवलं नाही. पडल्या पडल्या अनुभवलं.

हलायचं होतं, बस. बोट हलवलं तरी चालेल का? मान हलवू? मी मान डावीकडे-उजवीकडे दोन बोटं फिरवली. सेन्सरला ते पुरेना. ओरडले, तर तोंडातून निघाली ती फक्त हवा. मे महिना, जळगावचं ऊन, पश्चिमेची भिंत आणि न उघडणारी खिडकी. काही मिनिटांत कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला आणि तो मला पुसता येईना. घंटेचं बटण बोटाखाली होतं. मी त्या बोटाला शिव्या घातल्या. आयुष्यात कधी दिल्या नसतील अशा.

पडद्यावरचे माझे आकडे बरे होते, म्हणून बाहेर नर्सला काही कळायचं कारण नव्हतं. मी श्वास घेतला आणि मनातल्या मनात मोजायला लागले. नऊवर अडकले. घाबरल्यामुळे की उकाड्यामुळे की आजार आत्ता, या क्षणी वर चढतोय म्हणून, कळायला मार्ग नव्हता. पुन्हा मोजलं. आठ. मी इथे मरणार, आणि लोक म्हणतील इमारत उत्तम होती, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

दार ढकललं गेलं. दारात इंदूमावशी होत्या, मजल्यावर झाडलोट करणाऱ्या. पारोळ्याकडच्या, साठीच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्यांनी खोलीत पाय ठेवायच्या आधी हातातला फरशी पुसायचा दांडा डोक्याच्या वर उचलला आणि दोनदा हलवला. दिवा लागला. एसी घरघरला. हे त्यांनी इतक्या सवयीने केलं की बघतच राहिले मी.

"घाबरू नका, ताई," त्या म्हणाल्या आणि पदराने माझे डोळे पुसले. "ह्या मशीनले माणूस हालाले पाहिजे. तवयच त्याले वाटस, आठे कोनी शे." म्हणजे, इथे कोणी आहे.

पट्टी

मावशी नर्सला हाक मारून आल्या. नर्सने कपडे सैल केले, पाणी शिंपडलं, डॉक्टरांना फोन लावला. तेवढ्यात मावशींनी खिशातून बँडेजच्या पट्टीचा वीतभर तुकडा काढला, स्टुलावर चढल्या आणि एसीच्या झडपेला गाठ मारून लोंबता सोडला. गार वाऱ्यावर तो फडफडायला लागला, थेट सेन्सरच्या समोर.

"आते बंद नही होई," त्या खाली उतरत म्हणाल्या. "एसी चालू, तवलोंग पट्टी हाली. पट्टी हाली, तवलोंग एसी चालू. काल एसीवाला साफ कराले उना व्हता, त्यानीच पहिली पट्टी फेकी दियी व्हई."

एसी चालू तोवर पट्टी हलणार, आणि पट्टी हलते तोवर सेन्सरला खोलीत माणूस दिसणार. माझ्या इतक्या वर्षांच्या शिक्षणावर वीतभर बँडेज फडफडत होतं.

"बठ्ठा खोलीस्मा असंच बांधेल शे," मावशी सांगत होत्या. "ज्या पेशंटले हालता येत नही, त्यासनी खोलीमा तं पहिले. आम्ही साहेबले सांगं व्हतं, हाई बंद करा. साहेब म्हने, बंद करं तं मार्क जातीन."

सगळ्या खोल्यांत हेच, आणि सेन्सर बंद करायचा नाही तो माझे गुण जाऊ नयेत म्हणून. नर्स म्हणाली, मावशी, पुरे. पण त्या थांबल्या नाहीत.

"ती तपासाले बाई येनार व्हती ना, तवय बठ्ठ्या पट्ट्या काढाले लायेल व्हत्या. साहेब म्हने, चिंध्या दिसाले नको."

ती बाई मी, असं मला म्हणता आलं असतं. कुजबुजण्याइतका आवाज होता. मी नाही म्हटलं. ज्या बाईने आत्ता माझे डोळे पुसले तिच्यासमोर मला ते म्हणवेना. मी भ्याडपणे डोळे मिटून घेतले आणि दमल्याचं सोंग केलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी मोजायला लावलं. संजय आला होता, ऋतुजा माझे पाय धरून बसली होती. अकरा. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत बघू, नळीची तयारी करून ठेवतो. ऋतुजाने विचारलं, "आई, बारा म्हण ना." मला बारा म्हणता आलं नाही.

अकरा

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत पाच-सहा माणसं होती. नळीचं सामान ट्रेमध्ये झाकून आणलेलं होतं. मी श्वास घेतला आणि सुरू केलं. संजयचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. आठ, नऊ, दहा. दहाला माझा आवाज गेला. अकरा म्हटलं ते फक्त डॉक्टरांनी ओठ वाचले म्हणून धरलं गेलं.

"उतरलं नाही," डॉक्टर म्हणाले. "थांबूया."

दुपारीही अकरा. संध्याकाळी बारा. ऋतुजा बाहेर पळाली आणि वऱ्हांड्यात मोठ्याने रडली, ते मला आत ऐकू आलं. ट्रे परत गेला. अक्काने डॉक्टरांचा हात धरला आणि सोडेचना, ते बिचारे अवघडून उभे होते.

उकाड्याने माझा आकडा खाली आला का, असं मी डॉक्टरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, तो आजाराच्याच चालीने उतरत होता. तसं असेलही. पण आणखी अर्धा तास कोणी आलं नसतं तर काय झालं असतं, असं विचारल्यावर ते फाईल चाळायला लागले.

या आजारात वर चढलेलं खाली उतरायला वेळ लागतो. ज्यांच्या घरी तो आहे त्यांना एवढंच सांगते: पहिले पंधरा दिवस रुग्णाला एकटं सोडू नका, पाच मिनिटंसुद्धा. त्याच्याशी बोला, त्याला सगळं ऐकू येत असतं आणि कळत असतं. डोळ्यांतला घाम पुसा, नाक खाजवून द्या. नाक खाजवून देणारी अक्का मला त्या दिवसांत औषधापेक्षा मोलाची होती.

महिन्याभराने मला चाकाच्या खुर्चीत बसवून व्यायामाच्या खोलीकडे नेलं. तिसऱ्या मजल्याचा वऱ्हांडा मी दुसऱ्यांदा बघत होते. दारं उघडी होती. मी खुर्ची ढकलणाऱ्या संजयला म्हटलं, हळू घे.

पहिल्या खोलीत एसीच्या झडपेला बँडेज बांधलेलं होतं. दुसरीत लाल धागा. तिसरीत कोणाच्या तरी साडीचा जरीचा काठ. चौथीत शाळेच्या मुलीची निळी रिबन. फैजपूरहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांच्या खोलीत त्यांच्या सुनेने केळीच्या खोक्याची प्लास्टिकची दोरी बांधली होती, तिचा नुसता सळसळ आवाज चालला होता. बाबा डोळे उघडे ठेवून त्याखाली निपचित पडले होते. अकरा खोल्या आणि अकरा चिंध्या, सगळ्या फडफडत होत्या. माझ्या अहवालात या मजल्याच्या पानावर मी लिहिलं होतं: नीटनेटका, आदर्श.

"काय गं हे?" संजयने विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. तो खुर्ची ढकलायचा थांबला. मग म्हणाला, "आणि मी तुझं ऐकून तुला इथे ठेवलं." त्याने ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पत्र

उजवा हात परत आला तेव्हा पहिलं काम मी पत्र लिहिण्याचं केलं. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं, पण टाईप करायला कोणाला दिलं नाही. माझा अहवाल मी मागे घेते आहे, रुग्णांच्या खोल्यांतले सेन्सर काढावेत, आणि काढल्याबद्दल त्यांचे गुण कापू नयेत. रुग्णालयाच्या संचालकांचा फोन आला. ते चिडलेच होते. "मॅडम, हे बसवायला तुम्हीच लावलं होतं!" म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

दर्जा एक पायरी उतरला. सेन्सर निघाले.

आता मी धुळ्यात एका नव्या रुग्णालयाचं काम बघते आहे. पहिल्याच दिवशी मी तिथल्या इंजिनिअरला म्हटलं, खाट आणा, आणि तासभर आडवी झाले. मग त्यालाही झोपवलं, हालायचं नाही अशा अटीवर. वीस मिनिटांत तो उठून बसला आणि म्हणाला, मॅडम, हा दिवा डोळ्यांवर येतो. गुण मी अजून दिलेले नाहीत.

मावशी

एक गोष्ट राहिली होती. काठीवर चालायला लागल्यावर मी जळगावला गेले. इंदूमावशी तिसऱ्या मजल्यावर जिन्याजवळ डबा खात बसल्या होत्या. मला चालताना बघून त्यांनी दोन्ही हात गालांवर घेतले, शेजारी जागा केली, भाकरीचा तुकडा मोडून हातात दिला.

मी तोंडात न घालता तो धरून बसले. खूप तयारी करून आले होते, तरी सरळ तेवढंच बोलता आलं. "मावशी, ती तपासायला आलेली बाई मीच होते."

त्यांनी मिरचीचा ठेचा भाकरीवर ठेवला. "माले म्हाईत शे," म्हणाल्या. "तुम्हले आनं, त्या रोजलेच मी वळखं."

म्हणजे त्या दुपारी माझे डोळे पुसताना, स्टुलावर चढताना, 'ती बाई' म्हणताना, या सगळ्या वेळी त्यांना माहीत होतं! मी सोंग करून डोळे मिटले, तेही त्यांनी पाहिलं होतं.

"मग तपासणीच्या दिवशीच मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, आणि त्यांच्यावर चढवायचा मला काही अधिकार नव्हता.

"कसं सांगू? मी दारमा उभी व्हती. बठ्ठ्या पट्ट्या मना हातमा, पदरखाल. तुम्ही घड्याळ लायीसन बसेल व्हत्यात. माले म्हनं, मावशी, हालू नका, तुमनामुळे दिवा लागस."

सेन्सर किती वेळात दिवा घालवतो ते घड्याळ लावून मोजताना मी त्यांना हालू नका म्हटलं होतं, हे मला आठवलं नाही. अजूनही आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला.

"पन मी सांगं ना," मावशी म्हणाल्या, म्हणजे सांगितलं होतंच. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पोराला समजवावं तसं त्या बोलत होत्या. "त्या दुपारले सांगं. तवय तुम्हले हालता येत नव्हतं, म्हनीसन आईकं तुम्ही."